नळीचा पीळ आणि गोळीचें वजन



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं घरांतून नभोवाणीची कळ फिरविण्यासाठीं हात पुढें झाला असेल. बंदुकीची नळी आणि गोळीचें वजन यांच्याशीं संसारी माणसाला काय कर्तव्य, अशी शंका मनांत येणें साहजिक आहे. परंतु १ ऑगस्ट २०२४ रोजीं फ्रान्समधील शातोरू येथें, कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेंत ४५१.४ गुण मिळवून ऑलिंपिकचें कांस्यपदक जिंकलें, तेव्हां याच घरांतून आनंदाचे उद्गार निघाले होते. त्या स्पर्धेच्या लक्ष्यावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. म्हणजे काबुली चण्याएवढा ठिपका, आणि तोहि ५० मीटरांवर! खेळाडूच्या डोळ्याचें, श्वासाचें आणि धीराचें कौतुक आपण करतों तें योग्यच आहे. पण गोळी एकदां नळींतून सुटली कीं डोळा, श्वास, धीर यांपैकीं कोणाचाच तिच्यावर ताबा चालत नाहीं. तेथून पुढें तिला सरळ नेणारी शक्ति निराळी आहे. त्या शक्तीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या विषयाकडे मी वळलों तो एका अपयशामुळें. कॉलेजांत असतांना एका छात्रपथकांत मी नेमबाजी शिकत होतों. सरावाला पॉइंट टू-टूची एक जुनी रायफल माझ्या वांट्याला येई. पंचवीस यार्डांवर लावलेल्या कागदावर माझ्या पांच गोळ्या पांच दिशांना जात. त्यांतहि चमत्कार असा, कीं दोन-तीन भोकें गोल नसून लांबट पडत. जणूं गोळी आडवी होऊन कागदांतून गेली होती. शिक्षक कागद पाहून म्हणत, “हात हलतो तुझा.” मीहि तेंच खरें मानलें. पथकांतून नांव काढून घेतलें, आणि तेवढ्यावरच तें थांबलें नाहीं. मला यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याची आवड होती; पण आपला हात स्थिर नाहीं असें मनानें एकदां घेतल्यावर ती वाटहि मी सोडली आणि हिशेबाच्या नोकरींत शिरलों. त्या लांबट भोकांचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनीं उमगला. तो काय, हें शेवटीं सांगेन. त्याआधीं नळीच्या आंत डोकावून पाहूं.

मी राहतों माहुलला, तुर्भ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं. एका बाजूस तेलशुद्धीचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूस खाडी. हिवाळ्यांत त्या खाडीच्या चिखलांत रोहित पक्षी उतरतात. गांव मूळचें कोळ्यांचें. दोर वळणाऱ्या म्हाताऱ्या कोळ्याला मी लहानपणीं तासन् तास पाहात बसे. दोराला पीळ किती द्यावा, हें तो मोजून ठरवीत नसे. पण बारीक दोरीला पीळ जवळजवळ देई आणि जाड दोराला लांबलांब. एक दिवस मी विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “पोरा, पीळ कमी झाला तर दोर उकलतो, जास्त झाला तर आंटी पडते. दोरापुरता पीळ.” रायफलीच्या नळीचें सारें शास्त्र या दोन शब्दांत येतें, असें आज मला वाटतें.

रायफलीची नळी आंतून गुळगुळीत नसते. शेतांत सरी आणि वरंबे पाडावे तशा तिच्या आंतल्या अंगाला खाचा आणि उंचवटे पाडलेले असतात, आणि ते सरळ न जातां स्क्रूच्या आट्यांप्रमाणें वळत वळत पुढें जातात. गोळी नळीच्या छिद्राहून किंचित जाड असल्यामुळें उंचवटे तिच्या अंगांत रुततात आणि ती पुढें जातां जातां स्वतःभोंवतीं फिरूं लागते. जितक्या लांबींत खाचेचा एक फेरा पुरा होतो, तितक्या इंचांचा त्या नळीचा पीळ, असें म्हणण्याचा प्रघात आहे. पॉइंट टू-टू रायफलीचा पीळ बहुधा १६ इंचांचा असतो. जुन्या थ्री-नॉट-थ्रीचा पीळ १० इंचांचा होता आणि तो डावीकडे वळणारा होता. इंचांचा आंकडा जितका लहान, तितका पीळ जलद, हें ध्यानांत ठेवावें. येथें नवशिक्याचा नेहमीं घोंटाळा होतो.

हें फिरणें किती वेगाचें असतें, त्याची कल्पना करून पाहा. पॉइंट टू-टूची गोळी सेकंदाला सुमारें १०८० फूट वेगानें निघते आणि दर १६ इंचांस एक गिरकी घेते. म्हणजे एका सेकंदांत ८१० गिरक्या झाल्या. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सेकंदाला सुमारें २४४० फूट वेगानें जाई. तिच्या गिरक्या सेकंदाला २९०० च्या वर होत. घरांतला विजेचा पंखा मिनिटाला तीन-चारशें फेरे घेतो. ही गोळी मिनिटाला पावणेदोन लाख फेरे घेई!

आतां हें सारें कशासाठीं? बाण असा फिरवावा लागत नाहीं. बाणाचें जड लोखंड पुढें आणि हलकीं पिसें मागें असतात. म्हणून वाऱ्याचा विरोध पिसांना मागें रेटतो आणि बाण आपोआप सरळ राहतो. टोकदार गोळीची गोष्ट नेमकी उलट आहे. तिचें निमुळतें टोंक पुढें आणि वजनाचा भाग मागें. हवेचा दाब तिच्या तोलबिंदूच्या पुढें पडतो, त्यामुळें हवा तिचें नाक उचलून तिला उलटी करूं पाहते. न फिरणारी लांब गोळी थोड्याच अंतरांत कोलांट्या खाऊं लागेल. तिला वांचवितो तो भोवऱ्याचा धर्म. आरेवर उभा केलेला भोवरा न फिरेल तर तत्काळ आडवा पडतो. पण जाळी गुंडाळून फेंकला कीं तोच भोवरा त्याच आरेवर डौलानें उभा राहतो. त्याला कोणी ढकललें तर तो कलत्या अंगानें घुमतो, परंतु पडत नाहीं. गोळी हा हवेंत धांवणारा भोवराच आहे.

भोवरा जितका उंच आणि किडकिडीत, तितका तो जलद फिरवावा लागतो, हा अनुभव प्रत्येक मुलाला असतो. गोळीचेंहि तसेंच. नेमबाज मंडळी बोलतांना म्हणतात, “जड गोळीला जलद पीळ, हलकीला मंद.” व्यवहारांत हें चालतें, कारण नळीचें छिद्र ठरलेलें असलें म्हणजे गोळीची जाडी वाढवितां येत नाहीं, आणि वजन वाढवावयाचें तर लांबीच वाढवावी लागते. पण खरा धनी लांबी आहे. वजन हा तिचा मुनीम. हा भेद दाखविणारीं दोन उदाहरणें इतिहासांत आहेत.

पहिलें उदाहरण आपल्या परिचयाचें. १८५७ सालीं ज्या काडतुसांच्या चरबीनें हिंदुस्थान पेटला, तीं १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीचीं. चरबीची गरजहि मुळांत खाचांमुळेंच पडली. खाचांत बसणारी गोळी तोंडाकडून ठांसतांना ती सहज सरकावी म्हणून तें वंगण. त्या रायफलीचें छिद्र ०.५७७ इंचांचें, गोळी ५३० ग्रेनांची आणि पीळ ७८ इंचांचा. त्याच १८५७ सालीं इंग्लंडांत हाइथ येथें जोसेफ व्हिटवर्थ यांच्या रायफलीची तिच्याशीं तुलना झाली. व्हिटवर्थच्या गोळीचें वजनहि ५३० ग्रेनच होतें. पण त्यांनीं छिद्र ०.४५१ इंचांपर्यंत अरुंद केलें होतें. तेवढेंच शिसें अरुंद छिद्रांत बसवावयाचें म्हणजे गोळी लांब होणार. म्हणून त्यांनीं पीळ २० इंचांचा ठेवला. वजन तेंच, आणि पीळ जवळजवळ चौपट जलद! दूरच्या लक्ष्यावर व्हिटवर्थनें एन्फील्डला मागें टाकलें.

दुसरें उदाहरण थ्री-नॉट-थ्रीचें. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथेंहि या रायफलीचीं काडतुसें होत. १९१० पूर्वीं तिची गोळी बोथट नाकाची, २१५ ग्रेनांची होती. १९१० सालीं टोंकदार गोळी आली, तिचें वजन १७४ ग्रेन. एक्केचाळीस ग्रेन वजन उतरलें. पीळहि मंद करतां आला असता, असें कोणालाहि वाटेल. पण ही नवी गोळी वजनानें हलकी असली तरी लांबीनें कमी नव्हती, कारण तिच्या टोंकाच्या आंत शिशाऐवजीं ॲल्युमिनियमसारखा हलका पदार्थ भरलेला असे. म्हणून १० इंचांचा जुना पीळच तिला मानवला.

लांबी आणि पीळ यांचा मेळ घालणारें सूत्र इंग्रज गणिती आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनीं १८७९ सालीं दिलें. तें इतकें सोपें आहे कीं सातवी-आठवींतल्या मुलालाहि करतां यावें. गोळीच्या व्यासाचा वर्ग करावा, त्याला १५० नें गुणावें आणि गोळीच्या लांबीनें भागावें. उत्तर येईल तितक्या इंचांचा पीळ पुरे. पॉइंट टू-टूची नेहमींची गोळी ४० ग्रेनांची, सुमारें ०.२२४ इंच जाड आणि ०.४६ इंच लांब असते. जाडीचा वर्ग ०.०५, त्याची दीडशेपट साडेसात, भागिले ०.४६, उत्तर १६ च्या किंचित वर. आणि पीळ १६ इंचांचा! थ्री-नॉट-थ्रीची १९१० ची गोळी ०.३११ इंच जाड आणि १.२८ इंच लांब. तिच्यासाठीं उत्तर येतें सुमारें ११.३ इंच. प्रत्यक्षांत पीळ १० इंचांचा, म्हणजे गरजेहून थोडा जलद ठेवलेला. शहाणा शिंपी कापड मापाहून चार बोटें अधिक घेतो, त्यांतलाच हा प्रकार. अतिवेगवान गोळ्यांसाठीं १५० च्या जागीं १८० घेण्याची रीत आहे. अलीकडे, २००५ सालीं, डॉन मिलर यांनीं वजन, वेग आणि हवा यांचाहि हिशेब धरणारें अधिक नेमकें सूत्र प्रसिद्ध केलें. पण ग्रीनहिलचें सूत्र अजूनहि पाटीवर मांडून पाहण्याजोगें आहे.

हवेचा हिशेब कशाला, असें विचाराल. त्याचें उत्तर अमेरिकेला अनुभवानें मिळालें. त्यांच्या एम्. १६ रायफलीची गोळी ५५ ग्रेनांची आणि पीळ आरंभीं १४ इंचांचा होता. साध्या हवेंत तो जेमतेम पुरे. पण कडाक्याच्या थंडींत हवा दाट होते आणि दाट हवा गोळीचें नाक अधिक जोरानें उचलते. तेथें नेम बिघडूं लागला. तेव्हां १९६३ सालीं पीळ १२ इंचांचा करण्यांत आला. पुढें १९८० सालीं नाटो राष्ट्रांनीं ६२ ग्रेनांची, पोलादी टोंकाची, अधिक लांब गोळी स्वीकारली. आणि तिच्या जोडीची, मार्ग दाखवीत जळत जाणारी गोळी तर त्याहूनहि लांब होती. त्या सर्वांत लांब गोळीसाठीं पीळ ७ इंचांवर आणावा लागला. बारा इंचांच्या जुन्या नळींत ही नवी गोळी घातली तर ती बसते, सुटते, आवाजहि तसाच होतो. फक्त सरळ जात नाहीं.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. भारताच्या ५.५६ मिलिमीटरच्या इन्सास रायफलीची आंखणी पुण्याला पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेंत झाली. तिच्या गोळ्या जळगांव जिल्ह्यांतील वरणगांवच्या कारखान्यांत होत आल्या, तर रायफली ईशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्ली येथें. गोळी करणारे कारागीर आणि नळी करणारे कारागीर यांची शेंकडों कोसांच्या अंतरामुळें कधीं भेटहि होत नसेल. त्यांच्यामधला करार म्हणजे कागदावरचे थोडेसे आंकडे: व्यास, लांबी आणि पीळ. त्यांतला एक चुकला तर दोघांचेंहि कसब वायां जाईल.

मग पीळ हवा तितका जलद करून टाकावा, म्हणजे कोणतीहि गोळी सरळ जाईल, असें सुचणें स्वाभाविक आहे. येथें माझ्या कोळीबाबाची आंटी आठवावी. कोणतीहि गोळी अगदीं निर्दोष नसते. तिच्या पोटांत कोठें तरी केसभर शिसें एका बाजूस अधिक असतें. गिरकी जितकी जलद, तितका तो दोष अधिक उघडा पडतो आणि गोळी नळीच्या तोंडाशीं किंचित बाजूला फेंकली जाते. पातळ तांब्याचें कवच असलेली हलकी गोळी फार जलद पिळाच्या नळींतून अतिवेगानें सोडली तर ती वाटेंतच फुटून जाते. आणि नुसत्या शिशाची मऊ गोळी जलद पिळाच्या खाचांना न जुमानतां घसरत जाते. म्हणून स्पर्धेच्या नळ्या बनविणारे गरजेहून थोडाच अधिक पीळ देतात, फार देत नाहींत.

आपल्या मुंबईच्या हवेबद्दल एक गोड गैरसमज आहे. आपण म्हणतों, “आज हवा जड आहे.” वस्तुतः दमट हवा कोरड्या हवेहून किंचित हलकी असते, कारण पाण्याची वाफ ही हवेंतील इतर वायूंहून हलकी आहे. उष्ण हवाहि थंडीहून विरळ. म्हणजे माहुलच्या वैशाखांत गोळीला पीळ थोडा कमी लागेल आणि लडाखच्या खोऱ्यांत उंचीमुळें हवा विरळ, पण थंडीमुळें दाट, असा दोहोंचा जमाखर्च मांडावा लागेल.

छऱ्याच्या बंदुकीचें काय, असें कांहीं तरुण श्रोते विचारतील. २००० सालीं सिडनीला मुंबईच्या अंजली भागवत अंतिम फेरींत पोंचल्या तो खेळ १० मीटरांवरील एअर रायफलचा. तिचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, कमरेंत बारीक, डमरूच्या आकाराचा असतो. पुढचें डोकें भरींव, मागचा घेर पोकळ. त्यामुळें बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणें वाराच त्याला सरळ धरतो. तोच खेळ, ज्याचे आरंभींचे नियम १८७० च्या दशकांत आपल्या पुण्याला झाले! या छऱ्याला खाचांची गिरकी मिळते, पण तिच्यावर तो सर्वस्वीं अवलंबून नसतो. नवशिक्यांनीं आरंभ एअर रायफलीनें करावा असें म्हणतात, त्याला हेंहि एक कारण जोडतां येईल: तेथें पिळाची चूक सहसा आड येत नाहीं.

नळीचा पीळ किती, हें पाहण्याची रीत सोपी आहे. ती क्लबांत, जाणत्या माणसासमोर, खटका आणि बोल्ट काढलेल्या रिकाम्या रायफलीवरच करावी. सफाईच्या फिरत्या मुठीच्या गजाला घट्ट बसेल असा कापडाचा बोळा लावावा, गजावर एक खूण करावी आणि गज सावकाश आंत सारावा. खाचांबरोबर गज फिरूं लागतो. खूण पुन्हां वर येईपर्यंत गज जितका आंत गेला, तितक्या इंचांचा पीळ. गज मध्येंच सुटल्यासारखा सरळ गेला, तर समजावें कीं बोळा सैल आहे, किंवा खाचाच झिजल्या आहेत.

आणि आतां माझीं तीं लांबट भोकें. पुष्कळ वर्षांनीं, निवृत्तीच्या जवळ आलों असतांना, माझ्या भाचीला नेमबाजीचा नाद लागला म्हणून मी या विषयावर वाचूं लागलों. एके रात्रीं वाचतां वाचतां मी थबकलों. नेमबाजाचा हात हलला, श्वास चुकला, चापाला हिसका बसला, तर भोकाची जागा बदलते. त्याचा आकार बदलत नाहीं. भोंक लांबट पडलें याचा अर्थ गोळी वाटेंतच आडवी झाली होती, आणि गोळीला आडवी करणें कोणाहि माणसाच्या हाताला शक्य नाहीं. ती जुनी रायफल पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांनीं वापरलेली. तिच्या खाचा झिजलेल्या आणि त्यांत शिसें साचलेलें असणार. नळीला पीळ होता, पण तो गोळीपर्यंत पोंचत नव्हता.

सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं, असें आपण म्हणतों. मनाला पडलेला पीळ तर मुळींच लवकर जात नाहीं. तो कागद जपून ठेवलेला असता, तर कदाचित् चाळीस वर्षें लवकर मला माझा हात परत मिळाला असता. त्या शिक्षकांना मी दोष देत नाहीं; त्यांच्यापाशींहि वीस मुलें आणि चार रायफली होत्या. पण कागद त्यांच्या हातांत होता, माझ्याहि हातांत होता, आणि आम्ही दोघांनीं भोकांची फक्त जागा पाहिली.

भाचीला मी एवढेंच सांगितलें आहे, कीं प्रत्येक फेरीनंतर लक्ष्याचा कागद जपून ठेव, भोकें गोल आहेत कीं नाहींत तें आधीं पाहा, आणि मग स्वतःवर रागव. मागच्या रविवारीं तिनें कागद आणून दाखविला. गुण बेताचेच होते. दोन गोळ्या नवांत आणि एक थेट आठांत. पण सगळीं भोकें वाटोळीं होतीं. “ही चूक माझीच आहे, मामा,” ती हंसत म्हणाली, आणि पुन्हां सरावाला निघून गेली.